ताटलीएवढी जागा

रंगाऱ्यानं गुडघ्याखाली रिकामं पोतं सरकवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि नाक रंगाला लागेल इतका कापडाजवळ वाकला. मग तसाच मागे सरकला. जागा कोरीच होती. एक ताटली पालथी घातली तर बरोबर झाकली जाईल एवढी. पांढरीफटक, रंगाआधी त्यानंच कापडाला दिलेल्या अस्तराची.

साडेचार वाजले होते. शाळेच्या हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. वीस फुटांचं कापड जमिनीवर पसरलेलं, त्यावर पोरांच्या बोटांचे, मुठींचे, ब्रशचे रंगच रंग, आणि मधोमध ही जागा. त्याला आज काम एवढंच होतं की दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकायच्या, म्हणजे उद्या कापड भिंतीवर टांगता येईल. पट्ट्या ठोकून झाल्या होत्या. हातोडी पिशवीत गेली होती. तरी तो उठत नव्हता.

"काय पेंटर, नमस्कार घालताय का चित्राला?" शिपाईमामा दारात झाडू घेऊन उभा होता.

"बघतोय."

"मी तीन आठवडे बघतोय. एकदा वाटलं घोडा आहे. मग वाटलं, घोडा पडलाय. आता वाटतं, घोडा गेला आणि पोरं त्याच्या शोधात फिरतायत."

"घोडा-बिडा काही नाही. नुसता रंग आहे."

"नुसता रंग तर आमच्या घराच्या भिंतीला पण आहे. तिथं कुणी पालकांना बोलावत नाही."

रंगारी हसला, पण नुसता तोंडानं.

चित्राच्या बाईंची पद्धत न्यारी होती. दुसरीच्या वर्गात चौतीस पोरं, आणि चौतिसांचं मिळून एकच चित्र. घर नाही, डोंगर नाही, डोंगरामागून डोकावणारा सूर्य तर मुळीच नाही. रोज पाच-सहा जणांची पाळी. नियम दोनच. आपला रंग शेजाऱ्याच्या रंगाच्या काठाला चिकटूनच सुरू करायचा, आणि दुसऱ्याचा पुरता झाकायचा नाही. आज याचा पिवळा, उद्या त्याला लागून तिचा जांभळा, परवा दोघांच्या कडेवर तिसऱ्याची लाल रेघ. असं करत करत चित्र विणल्यासारखं झालं होतं. एक टाका उसवावा तर शेजारचे चार निघतील.

रंगाऱ्याला बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "आजोबा, तुम्ही अस्तर तेवढं द्या. पोरांच्या रंगाला तुमचा हात लागायचा नाही."

"नाही लागणार," तो म्हणाला होता. चाळीस वर्षं भिंती रंगवलेल्या माणसाला ओघळ दिसला की हात शिवशिवतो. पण त्यानं शब्द पाळला होता. ओघळ दिसले, ठिपके दिसले, एका पठ्ठ्यानं तर चपलेसकट पाय उठवला होता. त्यानं हात मागे बांधले आणि बघत राहिला.

ही जागा मात्र त्याच्या नातीची होती.

पोरीला घरात सगळे घुमी म्हणत. दिवसाला मोजून दहा शब्द बोलायची, त्यातले सहा आजोबाशी. तीन आठवड्यांत तिची पाळी तीनदा आली. तिन्ही वेळा ती आपल्या जागेशी जाऊन बसली, कोरडा ब्रश हातात धरून बघत राहिली आणि उठून ब्रश जागेवर ठेवून आली. बाईंनी जबरदस्ती केली नाही. बाकीच्या पोरांनी आपापले रंग तिच्या जागेच्या कडेपर्यंत आणून थांबवले. वाहतं पाणी दगडाला वळसा घालून जातं, तसं सगळं चित्र त्या ताटलीला वळसा घालून गेलं होतं.

रंगाऱ्याला याचं काही वाटलं नसतं. पण काल शाळेच्या फाटकाशी दोन पालकबाया बोलत होत्या आणि तो सायकलची साखळी चढवत तिथंच वाकला होता.

"ती त्या पेंटरची नात ना? रंगाऱ्याच्या घरातली आणि रंगाला भिते."

"भिते कसली. डोक्यानं जरा कमीच वाटते मला. बोलते कुठं?"

साखळी केव्हाच चढली होती. तो उगाच वाकून राहिला, त्या गेल्यावर उठला.

आणि आज सकाळी सूनबाई डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली होती, "अप्पा, उद्या म्हणे एकेका पोरानं पुढं यायचं, आपल्या रंगावर बोट ठेवायचं आणि 'हे माझं' म्हणायचं. आपली काय करील हो?"

"करील काहीतरी."

"कशावर बोट ठेवील? कोऱ्या कापडावर?"

आता तो त्या कोऱ्या कापडासमोर गुडघे टेकून बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढं घुमी उभी होती. सगळा हॉल माणसांनी भरलेला, पोरीचं बोट पुढं आलेलं, आणि बोटाखाली काही नाही.

पट्ट्या ठोकायला सांगितल्या म्हणजे काम संपलं, असं त्यानं धरलं होतं. आयुष्यभर तसंच होतं. आधी रंग, मग ठोकाठोकी. ठोकाठोकीनंतर कुणी रंग काढत नाही.

"मामा, हे रंगाचे डबे इथंच राहणार का?"

"राहू देत म्हणाल्या बाई. का?"

"काही नाही. तू पुढचे वर्ग झाड. मी दार ओढून घेतो."

शिपाईमामा गेला. रंगाऱ्यानं डबे उघडले. एका बाजूला शेजाऱ्याचा हिरवट निळा होता, दुसऱ्या बाजूला विटकरी. मधे काय बसेल, ते त्याला बघताक्षणी कळलं. चाळीस वर्षांची नजर होती, ती काय झक मारायला? त्यानं एका वाटीत राखाडी घेतला, त्यात विटकरीचा एक थेंब, निळ्याचे दोन. काडीनं ढवळलं. मग सवयीनं अजून थोडा काळा टाकला. डिस्टेंपर सुकला की फिका पडतो, म्हणून रंग नेहमी एक पायरी गडद कालवायचा. हे त्याच्या हाताला इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची वेळच यायची नाही.

ब्रश त्यानं मुद्दाम डाव्या हातात घेतला. पोरानं काढल्यासारखं दिसायला हवं होतं. एक वेडंवाकडं वेटोळं, त्यातून वर गेलेला एक फटकारा, खाली दोन बोटांचे ठसे. करंगळीचे, म्हणजे लहान दिसावेत. शेवटी काठ शेजाऱ्यांच्या रंगाला नीट चिकटवले. मागे सरकून बघितलं. झकास जमलं होतं. इतकं झकास की त्याला स्वतःशीच हसू आलं. हात धुताना तो शीळ घालत होता.

तो घरी गेला. घुमी ओसरीच्या पायरीवर बसून दोरीच्या गाठी सोडवत होती.

"काय घुमे, उद्या मजा आहे हं तुझी," तो म्हणाला.

तिनं मान वर करून बघितलं आणि चक्क हसली. तिलाही उद्याचं काहीतरी ठाऊक असावं, असं ते हसू होतं. पण रंगारी आपल्याच खुशीत होता. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

सकाळी नऊला तो शिडी घेऊन शाळेत पोचला. घुमी सायकलच्या मागच्या सीटवर. दप्तराशिवाय तिच्या हातात एक पुठ्ठ्याचा तुकडा होता, तो तिनं सगळ्या रस्ताभर छातीशी धरला होता.

हॉलमध्ये गलका चालला होता. कापडाभोवती पाच-सहा पोरं बाह्या सरसावून बसली होती आणि रंगाचे डबे उघडे होते. रंगारी दारातच थांबला.

"हे काय? अजून चाललंय?"

"शेवटची पाळी आहे ना आजोबा," बाई वळून म्हणाल्या. त्यांच्या गालाला पिवळा रंग लागला होता. "अकराच्या आत सुकतो हा. मग तुम्ही टांगा."

वर्गातला बडबड्या घुमीला बघून ओरडला, "घुमी, तू कधी केलंस गं? आम्हाला वाटलं तू आज करणार! मी तुझ्या काठावरनं माझी नारिंगी नेली बघ, इथून इथपर्यंत!"

"आणि मी हिरवी!" एक दोन वेण्यांची पोरगी म्हणाली. "तुझ्यातून निघून तुझ्यातच परत आणली."

घुमी पुढं गेली. कापडाच्या कडेनं चालत ती आपल्या जागेशी आली आणि उकिडवी बसली. रंगारी दारातून बघत होता.

त्याच्या ध्यानात पहिल्यांदा आला तो रंग. काल संध्याकाळी जो मधोमध गुण्यागोविंदानं बसला होता, तो रातोरात काळवंडला होता. हा पोरांचा रंग डिस्टेंपरसारखा नव्हता. हा सुकला की गडद व्हायचा. वरून त्यानं आपल्या हातानं काळा घातलेला. ताटलीएवढं एक भोक पडल्यासारखं दिसत होतं, आणि त्या भोकाच्या कडेनं बडबड्याची नारिंगी आणि वेणीवालीची हिरवी आनंदानं गेल्या होत्या.

घुमीनं नखानं रंगाची कड हळूच तपासली. सुकला का, ते बघितलं. मग वर गेलेल्या फटकाऱ्यावरून बोट फिरवलं. फटकारा टोकाला हलका होत होत सोडलेला होता. डावा हात असला तरी सोडायची सवय उजव्याचीच. घरातल्या प्रत्येक खिडकीच्या चौकटीला तसाच सोडलेला हात होता.

ती वळली आणि तिनं दाराकडं बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. बघितलं फक्त.

असं त्याच्याकडं पूर्वी एकदा त्याच्या मुलानं बघितलं होतं, नऊ वर्षांचा असताना. खिडकीचा गज रंगवत होता पोरगा, जीव लावून, आणि यानं ब्रश काढून घेतला होता, "सरक, मी करतो." पोरगा सरकला. तो पुन्हा कधी त्या बाजूला आलाच नाही. आता ट्रक चालवतो, बरं चाललंय त्याचं. रंगाऱ्याला तो गज कित्येक वर्षांत आठवला नव्हता.

बाई त्याच्याजवळ आल्या. त्यांनाही कळलं होतं. त्या कपाटाकडं गेल्या आणि वरच्या फळीवरून पुठ्ठ्याच्या तुकड्यांची एक चळत घेऊन आल्या.

"तुम्हाला दाखवायचे होते, कार्यक्रम झाल्यावर."

दहा तुकडे होते. प्रत्येकाला मधोमध रेघ. रेघेच्या एका बाजूला घुमीच्या गोल अक्षरात 'ओला', दुसऱ्या बाजूला 'सुका'. ओल्या बाजूला आठवण म्हणून रंगीत खडूनं छटा काढून ठेवलेली, सुक्या बाजूला खरा रंग. वर आकडा. एक, दोन, तीन. पहिले तुकडे मातकट होते. पाचव्यात निळा जास्त झाला होता. आठव्यापासून काहीतरी जमायला लागलं होतं.

"रोज मधल्या सुट्टीत बसायची," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, बाळ, लावून तर बघ. तर मला म्हणते, रंग जमल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही. नमुना सुकू द्यायचा आणि मग बघायचं. मी विचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाली, आजोबांनी."

रंगाऱ्यानं तुकडे हातात घेतले. सांगितलं होतं खरं. ओसरीवर बसून, नमुने उन्हाला ठेवताना, कधीतरी. पोर शेजारी बसलेली असायची. ऐकते आहे की नाही, त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"काल सुटताना माझ्याजवळ आली. 'अकरावा जमला, उद्या लावते,' म्हणाली. म्हणून तर मी आज शेवटची पाळी ठेवली." बाईंनी आवाज खाली आणला. "चूक माझी आहे. तुम्हाला निरोप द्यायला हवा होता."

"नाही बाई," रंगारी म्हणाला. "निरोप तुम्ही पहिल्याच दिवशी दिला होता."

तो चपला काढून कापडाच्या कडेला गेला आणि नातीशेजारी बसला. गुडघे कडकड वाजले. तिच्या हातातला पुठ्ठा त्याला आता दिसला. अकरा. सुक्या बाजूला एक रंग होता. राखाडी म्हणावा तर त्यात ऊब होती, तपकिरी म्हणावा तर तो गार होता. तिनं तो तुकडा निळ्याच्या आणि विटकरीच्या मधे धरला असता, तर कुठला रंग कुठं संपतो ते सांगता आलं नसतं. रंगाऱ्यानं आयुष्यात शेकडो रंग जुळवले होते. असा त्याला जमला असता की नाही, कुणास ठाऊक.

"घुमे, मी खरवडून काढतो हे," तो म्हणाला. "पत्री आहे पिशवीत. पाच मिनिटांत काढतो. अस्तर देतो. तू तुझा लाव."

घुमीनं काळ्या ताटलीकडं बघितलं. तिच्या कडेवरून निघालेली नारिंगी बघितली, ती चार पोरांच्या रंगांतून पार खिडकीच्या बाजूला गेली होती. हिरवी बघितली. बडबड्या अजून तिथंच लोळत होता, जीभ बाहेर काढून शेवटचे ठिपके देत होता.

"नको," ती म्हणाली. "त्यांचं पण निघेल."

"थोडंसंच निघेल."

"त्यांनी किती वेळ केलंय, आजोबा."

तिनं थोडा विचार केला आणि हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "हा रंग सुकला की गडद होतो. तिसऱ्या वेळी मला कळलं. काळा घालायचा नसतो."

"बरोबर," रंगारी म्हणाला.

अकरा वाजता हॉल भरला. कापड भिंतीवर टांगलेलं होतं, पोरांच्या उंचीला. रंगाऱ्यानं शिडी बाहेर नेऊन ठेवली आणि मागे, शिपाईमामाच्या शेजारी उभा राहिला. पुढच्या रांगेत सूनबाई होती. ती वळून वळून सासऱ्याकडं बघत होती, जागा भरलेली बघून तिचा चेहरा उजळला होता. तिनं खुणेनंच विचारलं, केलं ना पोरीनं? त्यानं पटकन दुसरीकडं बघितलं.

पोरं एकेक करून पुढं आली. बोट ठेवलं, "हे माझं." टाळ्या. "हे माझं, आणि हे पण, पण तिथं ती माझ्यावर आली." हशा, टाळ्या. बडबड्यानं आपली नारिंगी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवली.

"वेगळंच दिसतंय हो आज," शिपाईमामा कानाशी लागला. "त्या मधल्या काळ्यानं. घोड्याचा डोळा म्हणा."

"गप बस."

मामानं चमकून बघितलं.

घुमी पुढं आली. हॉलमध्ये थोडी कुजबूज झाली. फाटकापाशी बोललेल्या त्या दोघी बाया माना लांब करून बघत होत्या. रंगाऱ्याला वाटलं, आता ही सांगेल. सांगू दे. सगळ्यांसमोर सांगू दे, तेच बरं. त्यानं पाठ भिंतीला टेकवली.

घुमीनं काळ्या वेटोळ्यावर बोट ठेवलं. मग नेहमीच्या बारक्या आवाजात म्हणाली, "हे आमच्या घरचं."

लोक हसले, गोड वाटलं त्यांना. टाळ्या बऱ्याच वाजल्या. सूनबाईनं तर पदर डोळ्याला लावला. मामा टाळ्या वाजवत म्हणाला, "वाजवा की पेंटर, तुमची नात आहे." रंगाऱ्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. ते त्याला पुढं आणता आले नाहीत.

परतताना त्यानं सायकल हातात धरली. घुमी बाजूनं चालत होती. ऊन चढलं होतं, रस्त्याला फारशी वर्दळ नव्हती. सूनबाई पुढं गेली होती, कामावर पोचायचं होतं तिला. पोरीच्या पाठीवरून तिचा हात फिरवून झाला होता, आणि पोरीनं तो फिरवू दिला होता.

बरंच अंतर मागे पडलं. मग त्यानं घसा खाकरला.

"रंग बघितला मी तुझा. फार चांगला जमलाय."

घुमीनं मान हलवली.

"आकार कसला काढणार होतीस?"

ती चालत राहिली. तिचा एक हात सायकलच्या सीटवर होता. त्या हाताचं बोट सीटच्या कातड्यावर फिरायला लागलं. आधी खाली गेलं, मग सावकाश वळलं, एका जागी थबकून पुन्हा पुढं निघालं. रंगारी चालता चालता तिरप्या नजरेनं बघत होता.

घुमीच्या ते ध्यानात आलं. बोट थांबलं. तिनं हात काढून घेतला आणि फ्रॉकच्या खिशात घातला.

"आता नाही आठवत," ती म्हणाली.